गरम पाय (pie) कापायची घाई नको
आपल्या कार्यक्रमात लोकांना द्यायचे पाय (पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) ओव्हनमधून काढून थेट टेबलावर आणावेत, असं कुणीतरी सुचवलंय. उत्साह समजतो, पण अ‍ॅपल पाय गरम असताना कापला की सगळा रस ताटलीत वाहतो आणि खालचं आवरण भिजून लिबलिबीत होतं. निदान 3 तास निवू द्या, मग तुकडे कसे सुबक निघतात बघा! भोपळ्याच्या पायचं वेगळं. त्यात अंडी-दूध असतं, त्यामुळे तो फ्रिजबाहेर 2 तासांपेक्षा जास्त राहायला नको; टेबलावर थोडे थोडेच आणा. आणि हो, प्रत्येक पायसमोर घटकांची चिठ्ठी हवीच हवी. अक्रोड-बदाम घातलेल्या पायची सुरीही वेगळी ठेवा, अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. कापायला मात्र दिवसभर एकाच स्वयंसेवकाला जुंपू नका.