विंडोज अपडेटनंतर सांबा शेअर उघडेना, पासवर्ड बरोबर देऊनही

शाईवाला:
नमस्कार मंडळी. कराडला माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं असली कामं. मागच्या खोलीत एका जुन्या मशीनवर उबंटू २२.०४ (लिनक्स) आणि सांबा आहे, म्हणजे लिनक्सवरचा फोल्डर विंडोजना वाटून देणारं सॉफ्टवेअर. ओळखीच्या एका मुलाने बसवून दिलं, तो आता बेंगळुरूला गेला आणि फोन उचलत नाही. 'काम' नावाचा एकच फोल्डर शेअर केलाय. पासवर्ड कधी नव्हताच. कोणीही यावं, कोरलची फाईल उचलावी, परत ठेवावी.

सोमवारी डिझायनरच्या मशीनवर विंडोज ११ प्रोचं २४एच२ अपडेट आलं आणि शेअर बंद. मेसेज काय, तर तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे गेस्टला, म्हणजे पासवर्डशिवाय येणाऱ्याला, आत सोडत नाही. अहो, कसली ऑर्गनायझेशन? मी, बायको आणि दोन पोरं!

म्हटलं, पासवर्डच लावून टाकू. सर्वरवर 'प्रेस' नावाचा नवा युजर काढला, पासवर्ड दिला. त्याच नावाने सर्वरच्या स्क्रीनवर लॉगिन होतंय. पण विंडोजमध्ये तेच नाव, तोच पासवर्ड टाकला की पुन्हा तोच गेस्टवाला मेसेज. दहादा टाकून बघितला, कॅप्स लॉक बंद आहे. इकडे वधूपक्षाची मंडळी प्रूफ बघायला बाकड्यावर बसलीत. काय करू?

पॅचकॉर्ड:
सोपं आहे दादा. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या यादीत) 'अलाव इनसिक्युअर गेस्ट ऑथ' एक करा, रीस्टार्ट मारा. आमच्याकडे असंच चालू केलं होतं.

कमांडकाकू:
पॅचकॉर्ड, ते जुन्या आवृत्तीला पुरत होतं. २४एच२ प्रोमध्ये एसएमबी (विंडोज आणि सांबा ज्या भाषेत फाईली देतात-घेतात ती) सायनिंगही सक्तीचं आहे. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही हवी, आणि सहीची किल्ली तयार होते पासवर्डवरून. गेस्टला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार? मग सायनिंगही बंद करा, म्हणजे एका भोकासाठी दुसरं भोक. नका करू.

शाईवाले दादा, तुम्ही योग्य वाटेवर आहात, फक्त चुकीच्या वहीत नाव लिहिलंत. उबंटूची पासवर्डची वही वेगळी, सांबाची वेगळी. विंडोज ज्या पद्धतीने पासवर्ड पारखतं, तिला लागणारा हॅश (पासवर्डचं गुप्त रूप) उबंटूच्या वहीत, म्हणजे शॅडो फाईलमध्ये, नसतोच. म्हणून सांबा आपली वही स्वतः ठेवतं. तुमचा 'प्रेस' पहिल्या वहीत आहे, दुसरीत नाही.

आता तो मेसेज का येतो ते बघा. सांबाच्या सेटिंगच्या एसएमबी डॉट कॉन्फ फाईलमध्ये 'मॅप टू गेस्ट = बॅड युजर' अशी ओळ असेल, उबंटूच्या मूळ फाईलमध्ये ती असतेच. तिचा अर्थ, ओळखीचं नाव नसेल तर हाकलू नका, गेस्ट म्हणून आत घ्या. 'प्रेस' सांबाच्या ओळखीचा नाही, म्हणून त्याला गेस्ट केलं. आणि विंडोज म्हणालं, गेस्ट? चालणार नाही. तुमचा पासवर्ड कोणी तपासलाच नाही हो, दहाच्या दहा वेळा!

आता हे करा. मोबाईलवरून लिहितेय, कमांड बोलतो तशा लिहिते, टाइप करताना इंग्रजी करून घ्या:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश ए प्रेस

नवा पासवर्ड दोनदा विचारेल. मग सुडो पीडीबीएडिट डॅश एल (एल मोठ्या लिपीतला), त्यात 'प्रेस' दिसायला हवा. फाईलमध्ये 'काम'च्या खाली 'गेस्ट ओके = नो' आणि 'व्हॅलिड युजर्स = प्रेस' लिहा. वरच्या 'मॅप टू गेस्ट'ला 'नेव्हर' करा, म्हणजे पुढे नाव चुकलं तर सरळ चुकलं म्हणून कळेल. बदलण्याआधी फाईलची एक प्रत काढून ठेवा. टेस्टपार्म चालवा, स्पेलिंगमध्ये घोळ असेल तर ते ओरडतं. शेवटी सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी.

आणि विंडोजमध्ये पिन टाकू नका. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो.

शाईवाला:
काकू, डिझायनरच्या मशीनवर उघडलं! मंडळींना चहा पाजून प्रूफ दाखवलं.

पण बायकोच्या मशीनवर (तिथे जुनंच विंडोज आहे) वेगळंच. 'एकाच सर्वरला एकाच युजरकडून दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी चालत नाही', एरर १२१९. आम्ही एकच नाव टाकलंय. शिवाय पासवर्ड 'प्रेस१२३' ठेवलाय, पोरांच्या लक्षात राहावा म्हणून. आणि एक विचारायचं राहिलं. तो मुलगा राऊटरवर ४४५ पोर्ट बाहेरून उघडून गेलाय, मी घरून रात्री फाईल बघतो. त्याला धक्का लागणार नाही ना?

केबलचे_जाळे:
१२१९ किरकोळ आहे. विंडोज सकाळपासून त्या सर्वरला गेस्ट म्हणून जोडलेलं होतं, ती जोडणी मनात धरून बसलंय. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज स्टार स्लॅश डिलीट, मग 'वाय'. यातून मॅप केलेले सगळे ड्राइव्ह तुटतील, ते पुन्हा जोडा. तरी अडलं तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून त्या सर्वरची जुनी नोंद उडवा आणि साइन आउट करून परत या.

४४५ म्हणजे एसएमबीचंच दार, ते मात्र वाचून मी खुर्चीतून उठलो. काकू, तुम्ही सांगा.

कमांडकाकू:
आत्ता, हा मजकूर वाचून होण्याआधी, राऊटरचं ते फॉरवर्डिंग काढा.

लिनक्स आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजचं एसएमबी फोडलं ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच महिन्यात सांबातही मोठं भोक जाहीर झालं होतं, ३.५ पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये. ज्याला शेअरवर लिहिता येतं त्याने आपली लायब्ररी फाईल तिथे टाकायची आणि सर्वरकडूनच ती चालवून घ्यायची. तुमच्या २२.०४ मधला सांबा त्यानंतरचा आहे, ते भोक बुजलेलं आहे. पण पासवर्ड नसलेला, लिहिता येणारा शेअर सगळ्या जगाला उघडा म्हणजे पुढच्या भोकाला पाट मांडून बोलावणं.

घरून बघायचं तर वायरगार्ड (घर ते छापखाना असा कुलूपबंद व्हीपीएन बोगदा) बसवा. राऊटरवर एकच यूडीपी पोर्ट, ५१८२०. किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, पोर्ट आहे की नाही तेही कळत नाही. चाळीस मिनिटांचं काम आहे, वेगळा धागा काढा, सांगते.

'प्रेस१२३' बदला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमनमध्ये सलग टाइप करा, वरवंटा, टपाल, कोकम असे. हे तीन घेऊ नका, इथे सगळ्यांनी वाचले. पोरांना ते कॅपिटल आणि डॉलरच्या चिन्हापेक्षा लवकर पाठ होतं. दर महिन्याला बदलायची गरज नाही, फुटल्याचा संशय आला तर बदला.

आणि जमलं तर चौघांना चार युजर करा. 'फोर्स ग्रुप'ने सगळ्यांच्या फाईली एकाच ग्रुपच्या होतील, 'क्रिएट मास्क ०६६४'ने एकाची फाईल दुसऱ्याला सेव्ह करता येईल. एक पोरगा काम सोडून गेला की एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश डी आणि त्याचं नाव. बाकी तिघांना पासवर्ड बदलायला नको.

पॅचकॉर्ड:
माझा रजिस्ट्रीचा सल्ला मागे घेतो. आमच्या ऑफिसमध्येही उद्या बघावं लागेल, तिथेही मीच बसवलंय.

शाईवाला:
४४५ काढला. राऊटरचा पासवर्ड मुळातला ॲडमिन-ॲडमिनच होता, तोही बदलून वहीत लिहून गल्ल्यात ठेवला. बायकोचं मशीन नेट यूजने लागलं. चार युजर केले. धाकट्या पोराने चार शब्दांत आपल्या गावातल्या चार मिसळींची नावं टाकली होती, पुन्हा बदलायला लावला.

पत्रिका छापून गेल्या, ४०० प्रती. नवरीच्या थोरल्या मामांचं नाव राहिलंय, पण ते प्रूफ मंडळींनी स्वतः बघितलं होतं.