मदत हवी आहे: परीच्या जादूला लगाम कसा घालू?

किशोरांसाठी कादंबरी लिहितेय. बारा प्रकरणं झाली आणि आता गाडं पार अडलंय.

नायिका वीतभर उंचीची परी. दुसऱ्या प्रकरणात ती नुसत्या फुंकरीने पेटलेली गवताची गंजी विझवते. (लिहिताना भलतीच मजा आली, खोटं कशाला बोलू!) नवव्यात तीच बाई पिंजऱ्यात कोंडल्यावर रडत बसते. खर्डा वाचून भाचीने विचारलं, "आग विझवता येते, मग साधी कडी का नाही उघडत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुन्या गोष्टी चाळल्या. ब्रिटन-आयर्लंडच्या लोककथांत पऱ्यांना लोखंड सोसत नाही. पिंजरा लोखंडी केला की काम भागेल, पण ते फारच आयतं वाटतं. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ सालच्या सिंड्रेलातली मध्यरात्रीची मुदत त्याहून आवडली. जादू होते पण टिकत नाही, म्हणून तर सगळी धावपळ.

मग हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याबद्दल वाचलं. एवढ्याशा जिवाचं हृदय मिनिटाला हजाराहून जास्त वेळा धडधडू शकतं, आणि काही जाती रात्री ऊर्जा वाचवायला अंग गार पाडून निपचित पडतात. वाटलं, आपल्या परीचंही असंच असेल तर? जादू म्हणजे ऊब. ती कुठून तरी घ्यायची आणि खर्चायची. गंजीची आग तिने पिऊन टाकली. पिंजऱ्यात मात्र कडाक्याची थंडी, आणि ऊब आहे ती फक्त शेजारी झोपलेल्या पिल्लाच्या अंगात. कडी उघडायची तर ती घ्यावी लागेल. म्हणजे ती हतबल म्हणून नाही, तर घ्यायची नाही म्हणून रडतेय! हे सुचलं त्या रात्री झोप लागली नाही.

पण घोळ आहेतच. गंजीची ऊब तिच्यात साठून राहते का? राहत असेल तर पिंजरा चुटकीसरशी उघडेल. उरत नसेल तर गेली कुठे? आणि भर उन्हाळ्यात ही बया कोणालाच आवरणार नाही, त्याचं काय?

शिवाय हा नियम वाचकाला कळवायचा कसा? म्हाताऱ्या परीच्या तोंडी दोन पानांचं स्पष्टीकरण घातलं होतं. परत वाचताना मलाच जांभया आल्या. आधी एखादी छोटीशी फजिती दाखवावी का? की परीलाही नवव्या प्रकरणापर्यंत नियम नीट ठाऊक नसावा?

तुम्ही काय कराल? गंजीचा प्रसंग तेवढा काढायला सांगू नका, बाकी काहीही कापायची तयारी आहे.