तुमची लारा कोणती? फॅन-कलाकृतींमधल्या निरनिराळ्या लारांचे अनुभव

थडगी धुंडाळणाऱ्या 'टूम रेडर' या व्हिडिओ गेमची नायिका लारा क्रॉफ्ट १९९६ साली आली. तेव्हापासून तिचे अधिकृत अवतारच निदान तीन झालेत. पहिली इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या कंपनीची. दुसरी २००६ च्या 'लेजंड' या गेमपासूनची, क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीची. तिसरी त्याच कंपनीने २०१३ मध्ये सगळं पुसून नव्याने उभी केलेली. नाव एकच, पण भूतकाळ तीन. पहिलीचं विमान हिमालयात कोसळतं तेव्हा ती एकवीस वर्षांची असते. ती एकटीच जगते, परत आल्यावर तिला ते बड्या घरचं आयुष्य नकोसं होतं आणि घरचे तिला बेदखल करतात. दुसरीच्या अपघातात ती नऊ वर्षांची, सोबत आई, आणि पुढे सगळी धडपड त्या हरवलेल्या आईपायी. तिसरी एकविसाव्या वर्षी जहाज फुटून यामाताई बेटावर येऊन पडते आणि तिच्या मानेवर वडिलांचं भूत बसलेलं असतं.

यावर फॅन लोकांनी रचलेल्या लारांची तर गणतीच नाही. तुलना मात्र बहुतेक वेळा चेहरा, कपडे आणि 'आमची खरी, तुमची खोटी' यातच अडकते. मी फॅनफिक, म्हणजे चाहत्याने लिहिलेली कथा, उघडली की आधी बघते, हिच्या घरचे कुठे आहेत? पहिलीचे जिवंत आहेत आणि तिला त्यांची गरज नाही. दुसरी आणि तिसरी मेलेल्यांशी बोलत असतात. पोशाख कोणताही चढवा, एवढ्यावरून लेखकाने लहानपणी कोणती लारा खेळली ते ओळखू येतं.

तुम्ही वाचलेली, लिहिलेली, काढलेली, शिवलेली, बांधलेली लारा मूळ लारापेक्षा कुठे वेगळी निघाली, ते सांगा. श्रेष्ठ कोण हे भांडण नको, ते करून झालंय.

*

मी लिहिते, आणि माझा आवडता प्रकार म्हणजे दोन लारांची गाठ घालून देणं. ९६ ची आणि २०१३ ची एकाच थडग्यात अडकल्या, असं काहीतरी. कल्पना सोपी वाटते, घोडं अडतं ते संवादांत. २०१३ ची सतत स्वतःशी बोलते. थंडी वाजली तरी बोलते, वर चढायचं तरी बोलते. जुनी खेळताना जवळजवळ मुकीच असते. एखादा हुंकार, एखादं 'नाही', बस. मग पानभर एकीचंच बोलणं होतं आणि दुसरी फक्त भुवई उंचावते.

अशा बऱ्याच कथांत जुनीला मावशी करून टाकतात. ती धाकटीला धीर देते, तिच्या जखमा बांधते. मला ते पटत नाही. जुनीच्या स्वभावात शिकवणं नाही. तिला दरवाजा दिसतो आणि तिला तो उघडायचा असतो. माझ्या कथेत ती धाकटीला जेमतेम तीन वाक्यं बोलते, त्यातलं एक 'बाजूला हो'.

पण खरा फरक मला दुसऱ्या गेमच्या शेवटाने दाखवला. १९९७ चा तो गेम संपतो तेव्हा लारा अंघोळीला निघालेली असते. ती कॅमेऱ्याकडे वळते, तुम्ही पुरेसं पाहिलंत असं आपल्याला सुनावते आणि बंदूक झाडते. म्हणजे आपण बघतोय हे तिला ठाऊक आहे. २०१३ च्या लाराला ते ठाऊक नाही. आपण तिचं रडणं चोरून बघतो. दोघींना एका खोलीत आणलं की हेच लिहायला मजा येते. एकीला छतात कोणीतरी आहे हे कळतंय, आणि दुसरी विचारतेय, वर काय बघतेस?

*

मी लेखक नाही, लेव्हल बांधतो. २००० साली 'क्रॉनिकल्स' या गेमसोबत लेव्हल एडिटर, म्हणजे गेमचे टप्पे स्वतः रचायचं साधन, आलं, तेव्हापासून लोक जुन्या इंजिनात (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतःची थडगी बांधतायत, आणि आज अशा हजारो लेव्हल आहेत. माझं म्हणणं जरा तांत्रिक आहे, पण विषयाला धरून आहे.

जुनी लारा सारख्या मापाच्या चौकोनांवर चालते. जागच्या जागी उडी मारली तर एक चौकोन पार. धावत मारली तर दोन. हवेत असताना हात पुढे करून कड पकडली तर तीन. कडेला उभं राहून एक उडी मागे घेतली की धावायला बरोबर पुरेल एवढी जागा मिळते. हे माप कधी चुकत नाही. त्यामुळे पडलात तर दोष तुमचा, लाराचा नाही. तिचा तो शांत, किंचित तुच्छतेचा आत्मविश्वास मला तरी या मापातून आलेला वाटतो. नवीन लारा जवळ गेलात की स्वतःच कड पकडते, पण पकडताना धडपडते, हात सटकतो, ओरडते. तिची भीती ॲनिमेशनमध्ये भरलेली आहे.

आता गंमत बघा. फॅन लोक नव्या लाराचं रूप जुन्या इंजिनात घालतात. मळलेली बनियन, दंडाला पट्टी, चेहऱ्यावर ओरखडे. आणि ही बया कड पकडून हातांवर उलटी उभी राहते, मग ऐटीत पाय खाली घेते! पाण्यात सूर मारते तोही सर्कशीतल्यासारखा. पाच मिनिटांत ती जुनी लारा होते. पट्टी म्हणजे मग नुसता दागिना.

उलटही करून पाहिलंय. १९९९ च्या 'लास्ट रेव्हलेशन' या गेमची सुरुवात अंगकोर वाटला होते. तिथली लारा सोळा वर्षांची, दोन वेण्यांची, बिनबंदुकीची. एडिटरमध्ये ती वापरता येते. तिच्यासाठी लेव्हल बांधायला घेतली आणि माझं सगळं गणित बदललं. लांडगा ठेवला तर पळायला वाट ठेवावी लागते. बंद खोलीत जनावर सोडताच येत नाही. कथेची एक ओळ न लिहिता ती भित्री नाही पण सावध मुलगी झाली.

*

कॉस्प्ले, म्हणजे पात्राचा पोशाख करून ते पात्र होणं. जुन्या आणि २०१३ च्या लाराचे दोन्ही पोशाख केलेत.

निळसर टँक टॉप, तपकिरी चड्डी, दोन होल्स्टर, लांब वेणी: यात पोझ आयती मिळते. दोन हात, दोन पिस्तुलं, कंबर एका बाजूला. लोकही तीच मागतात.

२०१३ चा पोशाख स्वस्त वाटतो आणि तिथेच फसायला होतं. त्या गेममध्ये कपडे कथेबरोबर फाटत जातात, चिखल आणि रक्त चढत जातं. म्हणून जाणकार पहिला प्रश्न विचारतात, ही कुठल्या टप्प्यावरची? सुरुवातीची स्वच्छ, की शेवटाकडची? त्यावर मेकअप, पट्ट्यांची जागा, धनुष्य की कुऱ्हाड, सगळं ठरतं. आणि पोझ नाही! उभं राहायचं कसं हेच कळत नाही. शेवटी मी अर्धवट वाकून, धनुष्य खाली धरून उभी राहिले, म्हणजे आत्ताच काहीतरी ऐकू आलंय अशी.

जुनी लारा म्हणून फोटो काढताना मी कॅमेऱ्यात बघते. नवी म्हणून काढताना आपोआप बाजूला बघते. वर बंदूक झाडण्याचा प्रसंग वाचला आणि कारण कळलं.

*

बेकन लाराचं नाव अजून कोणी घेतलं नाही?

पहिल्याच गेममध्ये अटलांटिसला एक कातडं सोललेली लारा भेटते. तुम्ही डावीकडे गेलात की ती आरशासारखी हलते. गोळी मारलीत तर इजा तुम्हालाच. तिला खाली लाव्हा असलेल्या झडपेवर आणून उभं करायचं आणि आपण इकडे खटका ओढायचा. त्या लालभडक अंगामुळे फॅन लोकांनी तिला बेकन (डुकराच्या मांसाच्या पट्ट्या) हे नाव ठेवलं. २००८ च्या 'अंडरवर्ल्ड'मध्ये अशी प्रतिकृती परत आली, तिथे ती खलनायिका नॅटलाने बनवलेली आहे, आणि २००९ च्या एका पुरवणी भागात तर ती खेळायलाच मिळते.

फॅनफिकमधली माझी सर्वांत लाडकी लारा हीच. बाकी सगळ्या पर्यायी लारा कोणाच्या तरी मुली, मैत्रिणी, वारस. हिला कोणी नाही. लोक तिला नाव देतात, कपडे देतात, घरात राहायला जागा देतात. 'अंडरवर्ल्ड'मध्ये तिने लाराच्या मदतनीसाला, बिचाऱ्या ॲलिस्टरला, गोळी घातली, त्यामुळे निम्म्या कथांमध्ये तो प्रसंग आधी निस्तरावा लागतो ही अडचण आहेच.

*

मला थोडी तक्रार करायची आहे. २०१३ नंतरच्या फॅनफिकमध्ये लाराला झोपच लागत नाही. स्वप्नं, थरथर, अपराधीपणा, आणि शेजारी बसलेली तिची मैत्रीण सॅम. गेममध्ये पहिला माणूस मारताना ती कोलमडते आणि पुढच्या काही तासांत डझनावारी मारते. ही फट लेखकांना दिसली हे मान्य. पण म्हणून प्रत्येक कथा त्याच पलंगावर संपायला हवी का? मला ती थडग्यात हवी आहे.

*

वरच्या तक्रारीला उत्तर. ती फट गेम बनवणाऱ्यांनाही दिसली होती. २०१३ च्या गेमचा पुढचा भाग 'राइज', त्याचा २०१४ चा ट्रेलर आठवा, लारा समुपदेशकासमोर बसलेली आहे. पुढे प्रत्यक्ष गेममध्ये तो धागा फारसा चाललाच नाही, आणि सॅम तर 'राइज'मध्ये दिसतसुद्धा नाही. जिच्यासाठी २०१३ चा अख्खा गेम जिवावर उदार झालो ती मैत्रीण गायब! मग ती फॅनफिकमध्ये येणार नाही तर कुठे?

आणि मी जेव्हा या कथा वाचत होते तेव्हा मलाही झोप लागत नव्हती. कारण वेगळं होतं, ते इथे नको. कोणी 'धीर धर' म्हणत नाही, नुसतं दिवा चालू ठेवून शेजारी बसतं, असं लिहिणारे लोक मला त्या काळात फार उपयोगी पडले. थडग्यातली लारा मला आवडतेच, पण रात्री तीन वाजता तिच्याशी माझं काही बोलणं नव्हतं.

*

चित्रकार आहे, थोडक्यात सांगतो. पहिल्या गेममध्ये खेळताना लाराला वेणी नाही, बांधलेले केस आहेत. झुलणारी वेणी दुसऱ्या गेममध्ये आली. तरी ९६ ची लारा काढा म्हटलं की दहातले नऊ जण वेणी काढतात, आणि मी न काढल्यावर चुकलंय म्हणून सांगतात. २०२४ च्या रीमास्टरमध्ये (जुन्या गेमच्या सुधारलेल्या आवृत्तीत) एक बटण दाबलं की जुनं आणि नवं रूप आलटून पालटून दिसतं. मी ते बटण खेळण्यापेक्षा चित्रासाठी जास्त दाबलंय. टोकदार, त्रिकोणी लारा काढायला अवघड आहे. एखादी कड जरा गोल झाली की ती लगेच कोणीतरी दुसरी बाई होते.

*

२००३ च्या 'एंजल ऑफ डार्कनेस' या गेमवाले कोणी आहे की मी एकटीच?

१९९९ च्या गेमच्या शेवटी इजिप्तमध्ये देऊळ कोसळतं आणि लारा गेली असं सगळे धरून चालतात. २००३ मध्ये ती पॅरिसमध्ये उगवते. जीन्समध्ये, चिडलेली, आणि तिचा जुना गुरू फॉन क्रॉय याच्या खुनाचा आळ अंगावर. मध्ये काय झालं याचं धड उत्तर गेममध्ये मिळत नाही. तो घाईत बाजारात आला आणि बरंच काही कापलं गेलं होतं. मग पुढचा गेम 'लेजंड' आला तो थेट दुसऱ्या लाराचा. म्हणजे ही लारा अर्ध्या वाक्यात थांबली.

त्यामुळे आमच्याकडे तुलना वेगळीच होते. बाकीच्यांकडे दोन पूर्ण लारा असतात, आमच्याकडे एकाच अपुरीचे शेकडो शेवट. कोणाच्या कथेत ती वाळवंटातल्या लोकांमुळे वाचते, कोणाच्या कथेत स्वतःच ढिगारा उपसते, कोणाच्या कथेत ती खरंच मेलेली आहे आणि पॅरिसला आलीय ती निराळीच कोणीतरी. हे शेवटचं मी आधी हसून सोडून दिलं होतं. नंतर गेम परत खेळले तेव्हा प्रत्येक प्रसंगात ते बसायला लागलं: तो थंडपणा, तो कडवट सूर. आता मी स्वतः तसंच काही लिहितेय. त्यात तिला आपण मेलोय हे माहीत नाही, पण ज्यांच्याशी ती बोलते त्यांना हळूहळू कळत जातं.

वाचणाऱ्यांनी तिच्याबद्दल हवं ते सुचवावं, मी बदलायला तयार आहे. त्या गेममधल्या दुसऱ्या नायकाचं, कर्टिसचं, मात्र विचारू नका. तो जिवंत आहे, आणि त्यावर चर्चा नाही.