तोतरेपणा: तुमचे आणि घरच्यांचे अनुभव लिहा

२२ ऑक्टोबर हा दिवस १९९८ पासून जगभर तोतरेपणाच्या जागरूकतेसाठी पाळतात. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाला हे असतं, म्हणजे आपल्या नाशकात किती जण असतील बघा. काय अडतं आणि समोरच्याने कसं वागलं की बरं वाटतं, दोन्ही लिहा. सुरुवात मीच करतो.

मला 'न' वर ब्लॉक येतो. शब्द डोक्यात लख्ख, पण आवाजच फुटत नाही. सातपूरहून बसमध्ये बसलो की कंडक्टरला निमाणी सांगायचं टेन्शन, म्हणून कित्येक वर्षं रविवार कारंजाचं तिकीट काढायचो आणि होळकर पुलावरून चालत जायचो. लोकांना वाटतं तोतरेपणा म्हणजे फक्त त-त-प-प, पण आमच्यातले बरेच जण शब्द बदलून असे सफाईने बोलतात की कुणाला पत्ताच लागत नाही आणि त्यातच जीव मेटाकुटीला येतो. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या लोकांकडून मुद्दाम, उघड अडखळायला शिकलो. आता नि-नि-निमाणीच म्हणतो.

*नाशिकरोडहून एक आई:* मुलगा साडेतीनचा असताना सुरू झालं. सासूबाईंनी वेखंड उगाळून चाटवलं, शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या या वयात होतं, बहुतेकांचं आपोआप जातं, पण घरात आणखी कुणाला असेल तर नुसती वाट बघू नका. आणि त्याला 'हळू बोल, श्वास घे' म्हणू नका, तुम्हीच हळू बोला. रात्री पोळ्या झाल्या की गॅस बंद करून त्याच्यासमोर खाली बसते, शब्द तोंडावर आला तरी देत नाही. अजून अडतो, पण गोष्ट अर्धवट सोडत नाही.

*सिडको, रिटायर्ड:* आरतीत माझा आवाज खणखणीत, म्हणून घरचे म्हणायचे बोलतानाच कशी नाटकं सुचतात! अहो, गाताना किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, ते नाटक नाही. फोनवर मात्र 'हॅलो' निघेपर्यंत समोरचा ठेवून देतो. जरा थांबत जा हो.

*कॉलेज रोड:* व्हायवात सर माझं वाक्य पूर्ण करायचे, तेही चुकीचं, आणि मार्क माझे जायचे. यंदा आधीच जाऊन सांगितलं, सर मी अडखळते, वेळ लागेल, मधे शब्द देऊ नका. भरपूर अडखळले, उत्तरं सगळी दिली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचादोषही आहे ना, तर त्याचं सर्टिफिकेट इथे कुणी काढलंय का? तपासणीत काय काय विचारतात ते प्लीज लिहा.