मदत हवी आहे: आंबा घाटात चेक इंजिनचा दिवा

मंडळी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून कोल्हापूरला जातो. गाडी डिझेल पिकअप. सपाटीला एकदम मस्त. आंबा घाट चढायला लागलो की पिवळा दिवा पेटतो आणि गाडीचा दमच जातो. बंद करून परत चालू केली की ठीक, पुढच्या चढापर्यंत. स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला, म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, कमी. मेकॅनिक सरळ टर्बो बदला म्हणतो. मॅप सेन्सरच्या (हा इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो) सॉकेटमध्ये हिरवट गंज होता (खारी हवा, दुसरं काय!). तो साफ केला, तरी फरक नाही. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा) पाइप अजून बघितले नाहीत. व्हॅक्यूमची नळी चिरली तरी हाच कोड येतो का? टर्बोला हात लावण्याआधी आधी काय तपासू? रत्नागिरी-लांजा भागात चढावर लाइव्ह डेटा (चालत्या गाडीतले सेन्सरचे आकडे) बघून निदान करणारा कोणी माहीत असेल तर सांगा.