मदत हवी आहे: ‘द कीप’ सिनेमाचे कापलेले प्रसंग कुणी पाहिलेत का?

एफ. पॉल विल्सन यांची ‘द कीप’ (१९८१) ही भयकादंबरी वाचली आणि लगेच मायकल मानचा १९८३चा सिनेमा लावला. घोर निराशा! कादंबरीत रोमानियातल्या गढीत जर्मन सैनिक एकेक करून मरतात, पण खरी भीती वेगळीच. गढीतला राक्षस मोलासार क्रॉसला घाबरल्याचं सोंग करतो आणि ‘म्हणजे ख्रिस्ती धर्मच खरा की काय?’ अशा शंकेने ज्यू प्राध्यापक कुझाची श्रद्धाच पोखरतो. सिनेमात हा धागा जवळपास गायब. उरतो धूर आणि लाल डोळ्यांचा राक्षस. (टँजरिन ड्रीम या जर्मन बँडचं संगीत मात्र झकास.) मानची मूळ आवृत्ती साडेतीन तासांची होती म्हणे, स्टुडिओने ती ९६ मिनिटांवर आणली. कापलेल्या भागात कुझा-मोलासारचे प्रसंग होते का? कुठे पाहता येतील? जाणकारांनी कृपया सांगा.