पूर्ण वर्ग पद्धतीने उत्तर वेगळंच येतंय (दहावी, वर्गसमीकरणे)

दहावी_ब
गृहपाठात २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचं आहे. अवयव पाडले तर ३ आणि १/२ येतात. पूर्ण वर्गासाठी ७ चं निम्मं ७/२, त्याचा वर्ग ४९/४ दोन्ही बाजूंना मिळवला. (क्ष − ७/२)² = ३७/४ आलं, म्हणून क्ष = (७ ± √३७)/२. आकडेमोड तीनदा तपासली. चूक कुठे?

खडूफळा
आकडेमोड ठीक आहे, चूक त्याआधीची आहे. (क्ष − ७/२)² उलगडून बघा: क्ष² − ७क्ष + ४९/४. तुमच्याकडे तर २क्ष² होतं! तो २ कंस करताना गळाला. क्ष² चा सहगुणक १ केल्याशिवाय मधल्या पदाचं निम्मं करायचंच नाही.

सगळ्या पदांना २ ने भागा:
क्ष² − (७/२)क्ष + ३/२ = ०
आता ७/२ चं निम्मं ७/४, वर्ग ४९/१६:
क्ष² − (७/२)क्ष + ४९/१६ = ४९/१६ − ३/२
(क्ष − ७/४)² = ४९/१६ − २४/१६ = २५/१६
क्ष − ७/४ = ±५/४
क्ष = १२/४ = ३ किंवा क्ष = २/४ = १/२

± विसरलात तर एकच मूळ हाती लागतं. त्याहून फसवी चूक म्हणजे भागताना स्थिरपद तसंच सोडणं. इथे ३ तसाच राहिला तर उजवीकडे १/१६ येतो आणि मुळं २ व ३/२ निघतात. इतकी सुबक उत्तरं पाहून शंकाच येत नाही. म्हणून शेवटी मुळांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही पडताळा: बेरीज ७/२, गुणाकार ३/२ यायला हवा. २ आणि ३/२ ची बेरीज बरोब्बर ७/२ च भरते, गुणाकार मात्र ३ येतो आणि चूक तिथे सापडते.

करणी
अपूर्णांक नको असतील तर भागण्याऐवजी क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, इथे ८ ने, गुणा:
१६क्ष² − ५६क्ष + २४ = ०
२४ उजवीकडे न्या, दोन्ही बाजूंना ७ चा वर्ग मिळवा:
(४क्ष − ७)² = ४९ − २४ = २५
४क्ष − ७ = ±५
४क्ष = १२ किंवा २. झालं.
हा श्रीधराचार्यांचा नियम. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात तो उद्धृत केला आहे. हाही पूर्ण वर्गच आहे, पण वर्गात शिकवलेली मांडणी भागाकाराची असेल तर वहीत तीच ठेवा.

दहावी_ब
सापडली चूक, आभार! पुढचं ३य² + ४य − १ = ०. यात (य + २/३)² = ७/९ आलं. √७ दशांशात लिहू का?

खडूफळा
नको. य = (−२ ± √७)/३ असंच ठेवा. २.६४५ लिहिलंत की ते अंदाजे उत्तर होतं, आणि गुणाकार नेमका −१/३ जुळत नाही. √७ तसंच ठेवलं तर (४ − ७)/९ = −१/३, तंतोतंत.